आपाने मेंढी घेतली नाही

मेंढी अंगणात बांधलेली होती. बुरुलकान आपाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती थेट आत आली आणि आयचुरेकचं मनगट धरून बसली. नाडी बघून दुखणं सांगण्यात अख्ख्या नारिन खोऱ्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मुलगी झाली तेव्हापासून आयचुरेकचं हसणंच गेलं होतं. बाळ रडलं तरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. मध्यंतरी एकदाच ती नवऱ्याला, तिलेकला, म्हणाली होती, "शहरात मनाची डॉक्टर आहे म्हणे. मला तिच्याकडे ने."

तिलेकच्या आधी सासूच कडाडली होती. "वेड्यांच्या डॉक्टरकडे? आणि एका खेपेचे दीड हजार सोम? कशाचे, तर गप्पा मारायचे! फुकट बोलायला मी काय मेलेय?"

मग त्याच सासूने, सैराकानने, आपाला उपचाराबद्दल द्यायला कळपातली सगळ्यात गुबगुबीत मेंढी निवडली आणि तिला बोलावणं धाडलं.

दृष्ट उतरवायच्या धुरीसाठी आर्चा झुडपाच्या सुवासिक फांद्या तयार होत्या. आपाने त्या बाजूला सारल्या.

"दृष्ट कुणाची आपा? नाव सांगा नुसतं," सैराकान म्हणाली. "त्या पलीकडच्या घरचीच असणार."

"कुणाची दृष्ट न् काय! बाळंतपणात पोरीचं मन आजारी पडलंय. शहरात न्या तिला, मनाच्या डॉक्टरकडे. मेंढी बाजारात विका, बऱ्याच खेपांची सोय होईल."

"अहो, पण अब्रू? तिथे कसली कसली माणसं जातात..."

"माझ्यासारखी जातात," आपा म्हणाली. "साऱ्या खोऱ्याची दुःखं मी ऐकायची, माझी कुणी ऐकायची? दर गुरुवारी जाते मी. या गुरुवारी गाडी इकडून आणते. पोरीला तयार ठेवा."

तिलेकने आ वासला. आणि कोपऱ्यातून खुदकन हसू आलं. आयचुरेक हसत होती. हसता हसता तिला रडू फुटलं, तसा तिलेक जाऊन तिला खेटून बसला.

सैराकानने चहा ओतला. कशात लक्ष नसल्यासारखी ती ओततच राहिली.

"पेला काठोकाठ भरलास," आपा हसून म्हणाली. "पाहुण्याने उठावं असं वाटलं की भरतात असा. मला घालवतेस की काय?"

सैराकानने किटली खाली ठेवली. लेकाकडे न बघता ती हळूच म्हणाली, "हा झाला ना आपा, तेव्हा दोन महिने मी याला जवळ घेतलं नव्हतं. आजवर कुणाला बोलले नाही. गुरुवारी... गाडीत आणखी एकीला जागा होईल का?"