जपून ठेवलेली चिप

टेबलावर चिप नव्हती.

पाच मिनिटांपूर्वी होती. कुकरची शिट्टी झाली म्हणून रूपश्री आत गेली. गॅस बंद करून आली, तर कॉम्प्युटरचं झाकण तसंच उघडं आणि चिप गायब. घरात माणसं दोनच. ती आणि सासूबाई.

"अत्ते, इथली काळी चिप बघितली का?"

"बघितली की," तुंगाबाई म्हणाल्या. "असं उघड्यावर टाकतात काय? जपून ठेवली मी."

तुंगाबाईंनी जपून ठेवलेली वस्तू म्हणजे गंगेला मिळाल्यातच जमा. वर्षभरात चष्मा, किल्ल्यांचे दोन जुडगे आणि स्वतःची कवळीही त्यांनी अशीच जपली होती.

साडेनऊ वाजले होते. दहाला कंपनीवाले लांबूनच तिचा कॉम्प्युटर तपासणार होते. सुरक्षेची चिप दिसली नाही तर घरून काम बंद, उद्यापासून कोरमंगलाच्या ऑफिसात हजर व्हायचं. कॉम्प्युटर जुना, पण त्याच्या बोर्डावर चिप बसवायला जागा होती, एवढंच नशीब. दुकानदाराने तीन आठवडे खटपट करून त्या बोर्डाची चिप मिळवली होती, आणि तीही शेवटची.

ऑफिसात जाणार कशी? नवरा किरणकुमार पहाटेच होसकोटेच्या कारखान्यात जायचा. मागे एक बाई ठेवून पाहिली होती. तिची पाठ वळताच तुंगाबाई चामराजपेटच्या घरातून निघाल्या, त्या संध्याकाळी मार्केटच्या बसस्टॉपवर सापडल्या. रूपश्रीशिवाय त्या कुणाचं ऐकत नसत.

तांदळाचा डबा झाला, देव्हारा झाला, उशांचे अभ्रे झाले. पावणेदहा. रूपश्रीला रडूच फुटलं. तिने सासूबाईंसमोर फरशीवर बसकण मारली.

"अत्ते, पाया पडते तुमच्या. स्वल्प आठवून बघा. कुठं ठेवलीत?"

"आठवायचं काय त्यात? चांगलं ठाऊक आहे मला."

"मग सांगा ना!"

तुंगाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग पदर सावरून त्या जरा मागे सरकल्या.

"आमच्या रूपाची वस्तू आहे ती. तिलाच सांगीन. तुम्ही कोण, अम्मा?"