काठोकाठ पियाला

उझबेकिस्तानात, फरगानातल्या आमच्या घरी रविवारी दार लावून, दबक्या आवाजात येशूची प्रार्थना चालते; परवान्याशिवाय घरी जमणं इथे गुन्हा आहे. आज मध्येच दार वाजलं. शेजारचा एर्गाश! गेल्या वर्षी यानेच आमची नावं पोलिसांना लिहून दिली, आणि माझ्या नवऱ्याने पंधरा दिवस कोठडीत काढले.

"ये बाळा, वर बस." सासूबाईंनी त्याला दारापासून लांबची, मानाची जागा दिली.

"घ्या, सापाला गादीवर बसवा, ताई!" त्यांची बहीण कुजबुजली.

लेकीला मांडीवर घेऊन मी चहा ओतला, मुद्दाम काठोकाठ. आमच्याकडे पाहुण्याला पियाला अर्धाच देतात. भरून दिला की समजायचं, प्या आणि निघा. एर्गाशचा चेहरा उतरला.

सासूबाईंनी तो पियाला स्वतःकडे ओढला आणि आपला अर्धा त्याच्यापुढे ठेवला.

"सून दमलीये रे. तू सावकाश पी."

चहा संपवून त्याने खिशातून कागद काढला. "आज इथे कोण कोण होतं, ते लिहून द्यायचंय."



"लिही की," सासूबाई म्हणाल्या, "मग जेवूनच जा."

 

पहिलं नाव त्याने स्वतःचं लिहिलं.