वॉर्मअप

दिपेशची आई उलव्याहून नेरूळला पहिल्यांदाच त्याची फुटबॉल मॅच बघायला आली, आणि कोचने नेमकं आजही त्याला बाकावर बसवलं. क्लबचे दोन्ही फॉरवर्ड परदेशी. याचा सगळा सीझन बाकावरच चाललेला. सेकंड हाफ लागताच कोच ओरडला, "दिपेश, वॉर्मअप!" तो रेषेबाहेर, कडेकडेने, जीव खाऊन पळत राहिला. पण कोचने त्याला शेवटपर्यंत मैदानात उतरवलंच नाही. दिपेशने चडफडत बूट बॅगेत कोंबले. आता आईला कुठल्या तोंडाने भेटायचं?

गेटवर आईने पदराने त्याचा घाम पुसला. तीही धुसफुसतच होती.

"सगल्यांपेक्षा जास्ती तूच पललास रं! पन त्या मेल्यांनी एकदा तरी तुला बॉल दिला का?"