अहिंसक रेशीम

बंगालमधल्या मालद्याला रेशमाचे कोश जिवंत किड्यांसकट उकळताना पाहिल्यापासून सुमनताईंनी रेशीम सोडलं होतं. मुलाने, सारंगने, किड्यांची पाखरं होऊन ती उडून गेल्यावर उरलेल्या कोशांच्या साड्या विकायला घेतल्या, तेव्हा त्यांना भरून आलं. कोलकात्यात बालीगंजच्या प्रदर्शनात त्यातलीच एक नेसून त्या गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगायच्या. आज माल घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला त्यांनी कौतुकाने विचारलं, “पाखरं कुठे सोडता?” तो हसला. “पाखरं सोडून धंदा होतो का, मासीमा? आम्ही कोश उकळतोच.” त्यांनी सारंगकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, “आई, लोक तुझ्याकडे बघून साड्या घेतात. गप्प बस ना.” अंगावरची साडी पोळू लागली. तेवढ्यात एका तरुणीने साडी उचलली. “मासीमा, यात एकही किडा मेला नाही ना?” सारंग घाईघाईने “नाही” म्हणाला. सुमनताईंनी तिच्या हातातली साडी काढून घेतली. “सगळे मेले, बाळा.”