जिन्यातली तिसरी पायरी

गल्लीत चोऱ्या वाढल्या, म्हणून बाबा गेल्यापासून बंद पडलेल्या, माडीवरच्या त्यांच्या मागच्या खोलीत त्याने कॅमेरे बसवायला घेतले. घरोघरी नेट जोडून देणं हा त्याचा धंदाच. भिंतीवर कॅमेऱ्यांना नेट वाटून देणारा तळहाताएवढा डबा, स्विच, लावला, खालून आणलेली एकच केबल त्यात खोचली, आणि हिरवे दिवे लुकलुकायला लागले.

स्टूल धरून उभी असलेली आई चमकली. "अरे, या खोलीत तर प्लगच नाही. वीज कुठून आली?"

"केबलमधूनच. नेट आणि वीज, दोन्ही एकाच वायरीतून येतात आई. अर्ध्या तासाचं काम."

"भिंत नाही फोडावी लागली?"

त्याचा हात थांबला. बाबांनी या खोलीत नेट मागितलं, तेव्हा वेळ मारून न्यायला, भिंत फोडावी लागेल, असंच तर त्याने सांगितलं होतं.

"नाही."

घरातलं नेट जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंतच पोचायचं. दोन वर्षं बाबा तिथेच बसून परदेशातल्या नातीशी बोलायचे. त्यांची उशी अजून तिथेच होती. आईने ती उचलून आणली, झटकली आणि त्यांच्या पलंगावर ठेवली.

"फार गार असायची रे ती पायरी," एवढंच म्हणाली.