नवरीचं माप

मुळशीच्या धरणावर लग्नाआधीचे फोटो काढायला जुईलीनं चिनी नवरीचा जुना लाल झगा मागवला आणि भरे गावात शिवणकाम करणाऱ्या शुभांगीकडं कमरेत सैल करायला टाकला.

शुभांगीनं तो दोनदा उसवला. दोन्ही वेळा सकाळी तो पुन्हा आवळलेला होता, टाके तिच्या टाक्यांहून बारीक.

"काकू, तुम्ही सैल केलाच नाही!" जुईली तणतणत निघून गेली.

शुभांगीनं झग्याच्या कमरेला टेप लावली. सव्वीस इंच. वीस वर्षांपूर्वी तिच्या मांडवातून लग्न न लावताच वऱ्हाड उठून गेलं, तेव्हा तिची कंबर एवढीच होती.

"लई उशीर केलास," ती झग्यालाच म्हणाली. "आता छत्तीस लागतंय मला." आणि तिनं दुकानाला कुलूप घातलं.

सकाळी पुन्हा टेप लावली. छत्तीस.

शिवणीत अडकलेल्या सुईला अजून बोटांची ऊब होती.