नमुन्याचा फोटो

“मास्तरीणबाई, तुमच्या पानातला म्हातारा गावभर हिंडतोय,” असं म्हणत इंजिनीअरने लॅपटॉप तिच्या टेबलावर ठेवला.

पडद्यावर गाद्यांच्या दुकानाचं पान होतं. वर ‘आमची नवी डबल गादी’, आणि खाली गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसलेले, स्वेटरचं एक बटण चुकलेले तिचे बाबा. त्याने बोटाने पुढे सरकवलं. दातांच्या दवाखान्यात बाबा. भाड्याने द्यायच्या फ्लॅटचा हॉल म्हणून बाबा. स्थळं सुचवणाऱ्या एका पानावर, वय एकोणतीस, उंची पाच-सात, बाबा.

तिला आधी हसूच आलं. बाबांना जाऊन चार महिने झाले होते.

लोकांची कामं परस्पर उरकणारे ते एआय एजंट. त्यांना फोटो-व्हिडिओ इंटरनेटवर चढवता यावेत म्हणून या ऑफिसने एक टूल बनवलं होतं, आणि ते कसं वापरायचं याच्या सूचना लिहिणं हे तिचं काम. मठ्ठ पोरांना शिकवल्यासारखी एकेक पायरी फोडून लिहायची, म्हणून ऑफिसात ती मास्तरीण. नमुन्यादाखल एखादा फोटो द्यायचा होता. तेव्हा बाबा होते, फोटो हाताशी होता, टाकला. माणसाला नमुना म्हणजे नमुना हे कळतं. हे एजंट पडले आज्ञाधारक. मालकाने फोटो दिला नाही, तर थांबून विचारायचं सोडून नमुन्यातलाच जसाच्या तसा उचलायचा आणि चढवून मोकळं व्हायचं. ‘फोटो नसेल तर विचारा’ ही एक ओळ तिच्याकडून राहून गेली होती. एकशे बारा पानांत नेमकी तीच.

“अकराशे चाळीस ठिकाणी आहे,” इंजिनीअर म्हणाला. “पाचपर्यंत सगळीकडून काढायला सांगितलंय वरून. नमुना बदला, ती ओळ घाला, आणि हा फोटो जिथे चढवला असेल तिथून काढून टाका अशी सूचना लिहा. तुम्ही लिहिलंत की निमूट काढतील ते. कोण हो हे आजोबा? कुठून पैदा केलेत?”

“माझे वडील आहेत.”

इंजिनीअरचं तोंड एवढंसं झालं. “सॉरी हां. सावकाश करा तुम्ही,” तो म्हणाला. “म्हणजे, पाचपर्यंत.”

तीन वाजले होते. डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती, चार महिन्यांत धड झोप म्हणून नव्हती. तिने नमुन्याच्या जागी एक कोरा करडा चौकोन टाकला. राहिलेली ओळ घातली. मग काढून टाकायची सूचना लिहिली आणि तिथे बोट अडलं. आईला आधी सांगायला हवं होतं. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती हाय खाईल. तिने फोन लावला.

“आई, रागावू नकोस. माझ्या हातून एक घोळ झालाय. बाबांचा फोटो...”

“माहितीये मला,” आई म्हणाली. “महिना झाला की. मावशीने पहिल्यांदा दाखवला, टायरच्या दुकानात. मग मीच फोनला सांगून ठेवलं, हा माणूस कुठे दिसला की मला दाखव. रोज सकाळी बघते. काल पोहण्याच्या तलावावर होते. पाण्याची केवढी भीती होती यांना!”

“मग मला बोलली नाहीस ती?”

“तू काढून टाकशील म्हणून.”

तिने कर्सर सूचनेवरून बाजूला नेला.

“जन्मभर कुठे म्हणून गेले नाहीत बघ,” आई म्हणाली. “गॅलरी ते कोपऱ्यावरचं दुकान. प्रवासाचं नाव काढलं की यांचं पोट बिघडायचं. भरलेल्या बॅगा परत रिकाम्या केल्यात मी. आणि आता बघ. नाही नाही तिथे जाऊन आले. तेही एकटेच.”

“आई, काढावे लागतील गं. लोकांची पानं आहेत ती. माझ्या नोकरीवर येईल.”

“काढ की. मी नको म्हटलं का?” आईने नाक ओढलं. “फक्त फोन ठेवू नकोस.”

तिने सूचना पाठवली. आकडा उतरायला लागला. नऊशे. सहाशे दहा. चारशे. एकाने तरी उलटून विचारावं, का काढायचा म्हणून, असं तिला वाटलं. कुणी विचारलं नाही.

“आता कुठे आहेत?” आई विचारत राहिली आणि ती वाचून दाखवत राहिली. दवाखाना गेला. टायरचं दुकान गेलं.

“आणि ते गादीवाले?”

“तेही गेले, आई.”

पाचला दहा कमी असताना एकच उरला. तो चढवणाऱ्या एजंटाला मालकाने बंद करून ठेवलं असावं, काही केल्या उत्तर येईना. एवढा एक तिलाच हाताने काढावा लागणार होता. इंजिनीअर दारातून डोकावला. तिने एक बोट वर केलं, तसा तो मान हलवून मागे फिरला.

“कुठलं पान आहे?” आईने विचारलं.

“समुद्राकाठचं एक लॉज आहे. खोली नंबर सात. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. त्या खोलीच्या फोटोच्या जागी बाबा बसलेत.”

पलीकडे आईने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“तुला कधीपर्यंत द्यायचंय?”

“पाच. दहा मिनिटं आहेत.”

“मग दहा मिनिटं बसू दे त्यांना.”